हिवतळातला पाहुणा

दाखला देण्यात येतो की, श्री. जानराव गुलाबराव टोळे, वय वर्षे त्रेसष्ट, राहणार हिवतळ, थर तिसरा, उत्तरेकडचा बोगदा, व्यवसाय शेती (सध्या जमीन गोठलेली), हे आजमितीस हयात आहेत. त्यांच्या ताब्यात एक विळा, एक घोंगडी व एक रिकामे गाठोडे असून त्यांच्यावर कोणत्याही जनावराचा दावा प्रलंबित नाही. ओळखीची खूण : उजवा हात कोपरापासून नाही. सबब, त्यांची जागा रिकामी झाली आहे असे समजण्यात येऊ नये. सदरचा दाखला अर्जदार ओमप्रकाश, फळविक्रेते, राजापेठ, यांच्या मागणीवरून देण्यात येत आहे.

हा मजकूर अमरावतीच्या राजापेठेत, एका शिकवणी वर्गाच्या फळ्यावर, मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी लिहिला गेला. लिहिणारी प्रणाली, म्हणजे जानरावांची मुलगी. दाखल्यातला शब्द न् शब्द खरा होता. तो लिहिला जात असताना जानराव समोरच्या बाकावर बसून दोन्ही हातांनी भाकर मोडत होते, हे त्यात आलं नाही, कारण अर्जदाराने ते विचारलं नव्हतं.

हिवतळ प्रणालीने रचलेलं. आठवडाभर ती अकरावी-बारावीच्या पोरांना रसायनशास्त्र शिकवते, आणि रविवारी दुपारी वर्ग रिकामा असतो तेव्हा तीन मोठ्या माणसांना जमिनीखाली नेऊन सोडते. तिथं सूर्य नाही. नद्या आहेत, पण कोसळता कोसळता गोठलेल्या. भिंतींना निळसर उजेडाची बुरशी आहे. ती खाल्ली की माणूस आपलं नाव विसरतो आणि पाठोपाठ आपली वाटही. बोगद्यांतून वारा वाहतो, आणि तो दर फेरीला प्रत्येकाच्या अंगातली थोडी ऊब काढून नेतो. ऊब संपली की माणूस संपला. वर यायची वाट एकच, तिला उन्हाचा दरवाजा म्हणतात, आणि ती कुठं आहे हे फक्त प्रणालीला ठाऊक. खेळ सगळा तोंडी. समोर काय दिसतं ते ती सांगते, आपण काय करतो ते खेळणारे सांगतात, आणि शंका असेल तिथं वीस बाजूंचा फासा निकाल देतो. वाऱ्याचा प्रसंग आला की प्रणाली उठून कुलर मोठा करते. बाहेर पंचेचाळीस अंश असले तरी त्या हवेने तिघंही खरंच अंग आखडून घेतात. अमरावतीत बसून असा मुलूख सुचण्यात कल्पनाशक्तीचा वाटा किती आणि मे महिन्याचा किती, हे ठरवणं अवघड आहे.

जानराव हिवतळात पोचले ते तुरीची डाळ घेऊन. दर्यापूरजवळच्या त्यांच्या काळ्या रानाचा कारभार दोन वर्षांपूर्वी मुलाने, नितेशने, हाती घेतला. नितेश चांगला मुलगा आहे. बापाचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकतो, "बराबर आहे बाबा" म्हणतो, आणि मोबाइलमध्ये पाहून दुसरंच काहीतरी पेरतो. वाईट हे, की ते पिकतं. पिकलं नसतं तर जानरावांना बोलायला काही जागा राहिली असती. घरात त्यांच्या शब्दाला मान पूर्वीइतकाच होता. फक्त त्यातून पुढे काही घडत नव्हतं. मग त्यांच्या पत्नी कौशल्याबाई त्यांना दर रविवारी काही ना काही पिशवीत देऊन मुलीकडे पिटाळू लागल्या. अशाच एका रविवारी खेळात एक माणूस कमी पडला.

"बाबा, तुम्ही कोण होता? योद्धा, मांत्रिक, का चोर?" प्रणालीने विचारलं.

"शेतकरी."

"खाली शेती नाही बाबा. सगळा बर्फ आहे."

"मंग त थ्या लोकाइले शेतकऱ्याची जास्तच गरज आहे."

नावही त्यांनी बदललं नाही. बँकेत कर्जाच्या टेबलावर बसणारा शुभम खाली उतरला की अग्निकेतू होतो. दवाखान्यात परिचारिका असलेली मंजुषा नीलशिखा होऊन धनुष्यबाण चालवते. जानराव जानरावच राहिले. सातबाऱ्यावर आहे तेच नाव, असं ते म्हणाले. हिवतळात सातबारा नसतो हे त्यांना पटवून द्यायच्या भानगडीत कोणी पडलं नाही.

खेळणारे तीनच, हा प्रणालीचा नियम. चौथा आला की जत्रा होते, असं तिचं मत. जो खाली मेला त्याची जागा गेली, आणि नंबर लावून बसलेल्याला ती मिळाली. त्यात घरचं-बाहेरचं नाही. एक वकील साहेब दरीत गेले, एक इंजिनिअर बुरशी खाऊन गेले. शुभम आणि मंजुषा त्यांच्या जागी आले. जानराव मात्र टिकून होते. सध्या नंबर होता खालच्या मजल्यावर फळांचं दुकान चालवणाऱ्या ओमप्रकाशचा. दर रविवारी तो जिना चढून यायचा, दाराच्या चौकटीला टेकायचा आणि आजाऱ्याची चौकशी करावी तशा आवाजात विचारायचा, "गेलं का कोणी?"

आणखी एक नियम होता, आणि तो खुद्द जानरावांनी घालून दिलेला. मागच्या दिवाळीत शुभम एका गोठलेल्या मूर्तीसमोर उभा असताना म्हणाला, "लाथ मारतो हिले," आणि मूर्तीने डोळे उघडल्यावर म्हणाला, "नाही नाही, गंमत केली." जानरावांना ते खपलं नाही.

"कापसाच्या हर्रासात भाव बोलल्यावर गंमत केली म्हणता येते काय? बोलला त माल उचलावा लागते."

तेव्हापासून हिवतळात बोललं ते झालं. शुभमने ती लाथ मारली आणि पुढचे तीन रविवार तो लंगडत राहिला. जानरावांना हा नियम फार आवडायचा. आठवड्यातून एक दुपार ते काहीतरी बोलत आणि ते होत असे.

तर त्या मे महिन्यातल्या रविवारी तिघं तिसऱ्या थरावर अडकले होते. उत्तरेचा वारा थांबायचं नाव घेत नव्हता. जानरावांच्या अंगात दोन फेऱ्यांपुरती ऊब उरली होती, बाकीच्यांच्यात थोडी जास्त. त्यातच त्या बोगद्यांत पांढरा फिरत होता. पांढरा म्हणजे वर्गाच्या खोलीएवढं जनावर, आंधळं, कान सुपाएवढे. तो आवाजावर येतो. समोर मिळेल ते खातो आणि जिथं खाल्लं तिथंच अंग टाकून झोपतो; मग ती वाट कित्येक दिवस बंद. म्हणून तिघं एका कपारीत शिरून, गाठोड्यातले शेवटचे वाळके कंद मुकाट्याने खात होते. इकडे बाकावर कौशल्याबाईंचा डबाही त्याच वेळी उघडला होता. पातोडीची भाजी, ज्वारीची भाकर आणि ठेचा.

प्रणालीने आवाज खाली आणला. "पावलं ऐकू येतात. जड. कपारीच्या तोंडाशी येऊन थांबतात. तो वास घेतो. वाऱ्यामुळे त्याला काही कळत नाही. पावलं पुढं निघतात. पांढरा तुमच्यासमोरून चालला आहे."

जानरावांच्या तोंडात घास होता. तो गालात सरकवून ते म्हणाले, "या जेवाले."

याचं असं आहे, की वऱ्हाडात माणूस जेवायला बसला आणि समोरून कोणी गेलं, तर हे दोन शब्द त्याला विचारून बाहेर पडत नाहीत. जाणारा म्हणतो, "होऊ द्या, होऊ द्या," आणि जातो. तो खरंच येऊन बसला तर दोघांचीही पंचाईत. जानरावांनी हे शब्द आयुष्यभर ओट्यावरून, शेताच्या धुऱ्यावरून, बैलगाडीतून उच्चारले होते. एकदा तर त्यांनी शेतातून जाणाऱ्या एका अनोळखी माणसाला हाक दिली. तो "होऊ द्या" म्हणून अदबीने निघून गेला आणि विहिरीवरची मोटर त्याच्यासोबत गेल्याचं संध्याकाळी कळलं. पण आजवर कोणी बोलावण्याचा शब्दशः अर्थ घेतला नव्हता.



"काकाजी," शुभम म्हणाला, "काय केलं हे."

प्रणालीने पेन खाली ठेवलं. "बाबा, तुम्ही बोललात?"

नेमक्या त्याच वेळी ओमप्रकाश हातात पपई घेऊन दारात येऊन उभा राहिला होता. शुभमला तो देवासारखा दिसला. "अवो मॅडम, काकाजी ओमप्रकाशभाऊले म्हणाले ते. दारात उभे आहेत ना ते. हो ना काकाजी? हो म्हणा."

"मले?" ओमप्रकाशने पपई या हातातून त्या हातात घेतली. "मी त आत्ता आलो. मी शेवटच्या पायरीवर होतो तवाच थे बोलले. मले नाही म्हटलं बाप्पा."

"तुमी काहून मधात बोलून राहिले भाऊ? तुमाले जागा पाहिजे म्हणून."

"जागा त पाहिजेच. पण खोटं काहून बोलू?"

सगळे जानरावांकडे पाहत होते. प्रणालीही, पण तिच्या चेहऱ्यावर मुलगी कुठं दिसत नव्हती. हो म्हणाले असते तर जानराव वाचले असते, कोणी हरकत घेतली नसती, आणि दर्यापूरची बस पकडून पुढच्या रविवारी ते परत आले असते. त्यांनी घास गिळला. आपला शब्द वाया गेला असं स्वतःच्या तोंडाने सांगायचं, तर त्यासाठी दर रविवारी अमरावतीला यायची गरज नव्हती. ते घरी बसूनही होत होतं.

"मी त्यालेच म्हटलं," ते म्हणाले. "पांढऱ्याले. बोलावलं त बोलावलं. आता थो आला त बसवू."

प्रणालीची पापणी लवली नाही. "तो वळतो. कपारीत डोकं घालतो. तुमच्या तोंडावर त्याचा श्वास. काय करता?"

"पाणी देतो आधी. उन्हातून... म्हणजे, बाहेरून आला आहे."

"फासा टाका. अकराच्या वर पाहिजे."

जानरावांनी फासा मुठीत घेतला नाही, खुळखुळवला नाही. बियाणं टाकावं तसा सहज सोडला. चार.

"त्याने पाण्यासकट हात घेतला," प्रणाली म्हणाली. "उजवा. कोपरापासून."

मंजुषाने सवयीने विचारलं, "रक्त किती?"

"थंडीने लगेच गोठलं. पण बाबा, तो अजून समोरच आहे. काय करता?"

जानराव थोडे पुढे सरकले. त्यांचा आवाज आता ओट्यावरचा होता, लग्नाच्या पंगतीत वाढणाऱ्या यजमानाचा. "डाव्या हातानं वाढून राहिलो, राग नका मानू. उजवा तुमच्याकडंच आहे. कंद वाळलेले आहेत, घरी काही मिळालं नाही. पण पोटभर घ्या. लाजू नका."

प्रणालीने फळ्याकडे तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते. परत वळली तेव्हा चेहरा पुन्हा परीक्षकाचा होता. "टाका."

फासा बाकाच्या कडेपर्यंत गेला, ओमप्रकाशने मान लांब केली, आणि तो थांबला. सतरा.

"तो खातो," प्रणाली म्हणाली. "तुमचं, अग्निकेतूचं, नीलशिखेचं. गाठोडं रिकामं होईपर्यंत खातो."

"माह्यंबी?" शुभमने विचारलं.

"पाहुणा एका ताटाचा नसते," जानराव म्हणाले.

"आणि मग जिथं खाल्लं तिथं झोपतो." प्रणाली पुढचं बोलणार तोच मंजुषाने हात वर केला, जणू वर्ग भरलाच होता.

"कुठं झोपला?"

"कपारीच्या तोंडाशी. आडवा."

"तोंड उत्तरेला आहे ना? वारा तिकडूनच येतो ना?"

प्रणालीने आपल्या नकाशावर बोट फिरवलं, एकदा, दोनदा. पांढऱ्याची झोप तिनेच लिहिली होती, वाऱ्याची दिशाही तिचीच. दोन्ही एका जागी येतील हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. मग ती उठली, भिंतीपाशी गेली आणि कुलरचं बटण बंद केलं.

"वारा थांबला," ती म्हणाली. "ऊब जात नाही. तो जागा होईपर्यंत तिघंही जिवंत. कपारीला मागून वाट आहे का, ते पुढच्या रविवारी."

खोली चटकन तापली. दोन मिनिटांत शुभमच्या कपाळावरून घाम गळू लागला, आणि हिवतळात प्रथमच कोणी कोणाला पुठ्ठ्याने वारा घालू लागलं. जानरावांनी उजव्या हाताने तोंड पुसलं.

"काकाजी, तो हात त गेला ना तुमचा," शुभम म्हणाला. त्याची भूक अजून गेली नव्हती; त्याने डब्यातली जानरावांची भाकर उचलली.

"मंग कोणीच नाही गेलं?" ओमप्रकाशने दारातून विचारलं.

"एक हात गेला," प्रणाली म्हणाली.

"हातावर काही जागा भेटत नाही काय? अर्धी?"

"नाही."

"थे लिहून द्या. नाही त पुढच्या रविवारी मले वाटन, मेले होते पण घरचे होते म्हणून उठवले."

प्रणालीने खडू घेतला आणि लिहून दिलं. ओमप्रकाशने दाखला वाचला, मोबाइलवर त्याचा फोटो काढला आणि पपई टेबलावर ठेवली. तो वळत होता तेव्हा जानरावांनी घास गालात सरकवला.

"या जेवाले."

"होऊ द्या, होऊ द्या," ओमप्रकाश म्हणाला, आणि जिना उतरून गेला.

जानराव गुलाबराव टोळे यांनी आजवर बर्फ पाहिला आहे तो दर्यापूरला, बसस्थानकासमोर, उसाच्या रसाच्या गाडीवर, गोणपाटाखाली.