बिनएसीचं घर

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. ऑफिसातल्या मुलींना तर नाहीच – त्यांच्यासमोर मी कुणी खोटे आकडे दाखवले तर फाडफाड बोलणारी ताई आहे. तुला सांगते.

आधी एक ऐक, माझ्या कामात मी चांगली आहे. उगाच लाजायचं कशाला? कमी विजेत थंड राहतील अशी घरं डिझाइन करायची, हे मी सुरू केलं तेव्हा लोक हसायचे. आर्किटेक्ट होऊन खिडक्याच मोजतेस काय गं, म्हणायचे. आज अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत जुन्या इमारती पाडायच्या आधी सोसायट्या मला बोलावतात. नोकरी मागायला येणाऱ्या पोरांनाही आता हेच शिकायचं असतं.

माझं नाव झालं ते माझ्याच कांदिवलीच्या फ्लॅटमुळे. जाळीच्या विटा, पश्चिमेचा वारा आत खेचणाऱ्या खिडक्या, बाहेरून बांबूचे पडदे – भर मे महिन्यात एसीशिवाय झकास. आणि हे खरं होतं, हां! क्लायंट येऊन बघायचे आणि काम द्यायचे. बाबा माझ्याकडेच राहायचे. मूळचे मालवणकडचे, उमेदीची वर्षं सगळी गिरणीत गेलेली. पाहुण्यांना खिडकीपाशी उभं करून म्हणायचे, बघा, माझ्या लेकीने वारा घरात आणलाय.

मग समोर टॉवर उठला. वारा बंद. दुपारी बाबांच्या खोलीत बसवेना. एसी लाव, म्हणाले – एकदाच म्हणाले. मी काय केलं? नाही लावला. भिंतीवर एसी दिसला असता तर क्लायंटना काय दाखवलं असतं? मी त्यांना सकाळीच बोलवायला लागले, ऊन फिरून यायच्या आत. बाबा होते तोवर त्या खोलीत एसी लागलाच नाही. दुपारी ते कुठे जातात, हेही मी कधी विचारलं नाही.

तू म्हणशील, एवढंच ना? नाही – एवढंच नाही.

पाटकर म्हणून एका सोसायटीचे चेअरमन होते. मोठं काम होतं, मला ते हवंच होतं. सकाळी त्यांनी फ्लॅट पाहिला. बाबा बाजारात गेले होते, त्यामुळे भेट झाली नाही. मीच छाती फुगवून सांगितलं, माझे वडील दिवसभर याच खोलीत असतात, पंखासुद्धा लावत नाहीत. मग त्यांची इमारत बघून आम्ही दुपारी परतत होतो, तर वाटेत त्यांना माझ्या घराजवळच्या बँकेत जायचं होतं. मीही आत गेले. दार ढकललं – आणि समोर एसीखाली, बाकावर बाबा. शर्टाची वरची बटणं उघडी. वॉचमन हसून म्हणाला, "हे आजोबा रोज येतात. घरी भट्टी पेटलीय म्हणे!"

बाबांनी मला पाहिलं. काय चेहरा फुलला त्यांचा! अर्धे उठले, हात वर केला.

"ओळखीचे आहेत?" पाटकरांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

जीभ अडखळलीसुद्धा नाही माझी. बाबांचा हात तसाच वर राहिला. मग त्यांनी तो केसांवरून फिरवला आणि खाली बसले. "माफ करा मॅडम," म्हणाले, "मला वाटलं, आमचीच पोरगी."

मॅडम. माझे बाबा – मला.

संध्याकाळी घरी आले तर ते चहा टाकत होते. मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच विचारलं, "काम गावला काय गो?"

"मिळालं," मी म्हटलं.

"बरा झाला," म्हणाले, आणि माझ्यापुढे कप ठेवला. खरंच खूश होते गं ते. मी चहा प्यायले आणि पाटकरांच्या ड्रॉइंगला बसले.