बनुबाईचा पाचवा क्रेट

तासगावच्या त्या बेदाण्याच्या शेडमध्ये बावीस वर्षं एक गोष्ट ठरलेली होती. बाजारात सौद्याला, म्हणजे लिलावाला, जाणारा नमुना बनुबाईनंच निवडायचा. काडी असो, काळा मणी असो, तिच्या बोटांतून सुटत नसे. दारातल्या उजेडात पोतं अंथरून ती मांडी घालायची आणि बाकीच्या बाया मागं बसायच्या. हा मान तिनं बसून बसून मिळवला होता. त्यापायी कंबर गेली, पण ते तिनं कुणाला कळू दिलं नाही. उठताना आधी पदर सारखा करायचा, मग बुचड्याला हात लावायचा, मग कुणाला तरी उगाच हाक मारायची. तेवढ्यात कंबर सरळ व्हायची.

यंदा शिवांजली कामाला आली. पलूसची लेक, इथं दिलेली, अंगानं उंच. तिनं पहिल्याच आठवड्यात द्राक्षांचे रिकामे क्रेट दोन्हीकडं चार-चार रचले, वर फळी टाकली आणि उभ्यानं निवडायला लागली. एक पाय विटेवर, थोड्या वेळानं दुसरा. मधूनच एका क्रेटवर टेकायची, परत उभी.

"लग्नाला उभी हाईस का गं?" बनुबाईनं विचारलं. बाया हसल्या.

"न्हाई वो मावशी, कंबर धरती. मिरजेच्या डॉक्टरनं सांगितलंय, वाकून बसू नको म्हणून."

"आन् आमच्या कंबरा काय भाड्यानं आणल्यात?"

बाया पुन्हा हसल्या, पण त्यांच्या नजरा फळीवरच होत्या. बनुबाईला तेच झोंबलं. त्यात सोमवारी शेडचे मालक लालासाहेब त्या फळीपाशी थांबले. मूठभर बेदाणा उचलून म्हणाले, "लय स्वच्छ हाय." जाता जाता आणखी म्हणाले, "बनुमावशी, गुरुवारचा नमुना दोघी निवडा. जिचा चांगला, त्यो सौद्याला."

दोघी! या शब्दाचं त्या शेडमध्ये कधी काम पडलं नव्हतं.

मंगळवारी बनुबाई सगळ्यांच्या आधी आली. तिनं हिशोब सोपा केला होता. शिवांजलीच्या फळीखाली चार क्रेट, तर आपल्या फळीखाली पाच. पण बनुबाईचं डोकं शिवांजलीच्या खांद्यालाही लागत नव्हतं. फळी छातीच्याही वर आली. खांदे कानाला टेकवून ती दिवसभर अशी निवडत राहिली, की येणाऱ्याला वाटावं, बाई थंडीनं गारठली आहे. एक क्रेट काढला असता तर भागलं असतं. पण मग शिवांजलीच्या बरोबरीला यावं लागलं असतं, आणि ते मान मोडण्याहून वाईट.

गुरुवारी सकाळी हात बुचड्यापर्यंत जाईना. नमुन्याला सुरुवात केली, तर पहिल्याच ताटात काडी राहिली. ती दिसली कुणाला? शिवांजलीला.

"मावशी, रागावू नका. फळी कोपराच्या जराशी खालीच पायजे. तुमाला तीन रग्गड झाले."

"तीन? तुझ्यापेक्षा खाली?"

"मी ताडमाड वाढले, त्यात माझा काय गुन्हा?"

बनुबाईनं काडीकडं बघितलं, मग दाराकडं. लालासाहेब यायला तासभर होता. तिनं दात-ओठ खात दोन्हीकडचे दोन-दोन क्रेट काढले. फळी खाली आली, खांदे जागेवर बसले आणि बोटं सुटली ती सुटलीच.

लालासाहेबांनी दोन्ही ढीग चाळले, बराच वेळ चाळले, आणि बनुबाईचा नमुना पिशवीत भरला.

"बरं झालं गं बाई!" असं मनापासून म्हणाली ती शिवांजलीच. बनुबाईला जिंकूनही गोड लागेना. हरणारीनं जरा तरी तोंड पाडावं, एवढीही रीत या पोरीला नव्हती.

काढलेल्या चार क्रेटकडं मागच्या बायांचा डोळा होता, त्यांनाही आता फळी हवी होती. पण त्यातले दोन बनुबाईनं आधीच आपल्या फळीमागं ओढले होते. शिवांजली दमली की एका क्रेटवर टेकते. बनुबाई एकावर एक ठेवलेल्या दोन क्रेटवर बसते. पाय खाली पोचत नाहीत, ते सोडा.