लिंबूपाण्याचा चमचा आणि नवरीच्या बापाचं भाषण

नात ईशाचा दुबईहून फोन आला, "आजी, सही करून लग्न झालंय, पण रिसेप्शन तुझ्याशिवाय नाही." नवरामुलगा डॅनियल, इंग्लंडचा. म्हटलं, येते, गुडघे सोबत आणावे लागतील. मला अक्षर येत नाही. मी बोलते, मोबाइल लिहून घेतो. चुकलं तर त्याला बोला.

पुण्याहून विमान सरळ दुबईला जातं. घ्यायला मोठी सून वंदना आली. माझा थोरला मुलगा जाऊन नऊ वर्षं झाली. तिथेच नोकरी करून तिने एकटीने ईशाला वाढवलं. घर सिलिकॉन ओएसिस नावाच्या वस्तीत, अठराव्या मजल्यावर. खाली माणसं साबुदाण्याएवढी.

दुसऱ्या दिवशी बर दुबई ह्या जुन्या भागात देवळात गेलो, मीना बाजारात ब्लाउजला अस्तर घेतलं आणि अब्रात बसलो, म्हणजे खाडी ओलांडायची लाकडी होडी. माणशी एक दिरहम, "म्हणजे पंचवीसेक रुपये," वंदना म्हणाली. चुकवू नका, दुबईत स्वस्त तेवढंच. होडीतच ईशाने विषय काढला.

"डॅनियलच्या लोकांत रिसेप्शनला नवरीचे बाबा स्पीच देतात. आई, बाबांच्या वतीने तू बोल ना. प्लीज, दोनच मिनिटं."

"खलास, ईशू, पुरे झालं. माझ्याने नाही होणार." वंदना पाण्याकडे बघत राहिली.

पोरगी अस्तराच्या पिशवीला उगाच गाठी मारत बसली. ते मला टोचलं.

रिसेप्शन हॉटेलात. शाल न्या, एसी हाडं गोठवतो. खुर्चीपुढे नावाची चिठ्ठी. तिथेच बसायचं, मैत्रीण शोधायची सोय नाही. जेवता जेवता भाषणं. नवऱ्याच्या जिवलग मित्राने भर सभेत त्याची अब्रू काढली, आणि आईबाप टाळ्या वाजवत होते! व्याही कागद वाचून गोड बोलले. मग नवरीकडची पाळी आली. कोणी उठेना.

मी आपली लिंबूपाण्यात साखर ढवळत होते. काचेचा ग्लास, टण टण टण. हॉल एकदम चिडीचूप. सगळे माझ्याकडे!

"आजी," ईशा कुजबुजली, "ग्लास वाजवला म्हणजे तुला बोलायचंय!"

"अगं, साखर विरघळेना म्हणून!"

"बोल ना. आय विल ट्रान्स्लेट."

तिचा चेहरा बघितला आणि उठले.

"मी नवरीच्या बापाची आई. तो असता तर लांबण लावली असती, मी आटपते. तो गेला तेव्हा ह्या सुनेला म्हटलं, गावी चल. ही म्हणाली, ईशाची शाळा इथे आहे. वर्षभर मी हिच्याशी धड बोलले नाही. आज पोरगी बघा. वंदना, तुझं बरोबर होतं. माझ्या लेकाचा संसार तू पडू दिला नाहीस. उपकार आहेत तुझे."

इंग्रजीत सांगताना ईशा दोनदा अडली. सगळे ग्लास उंचावून उभे राहिले. वंदना मान खाली घालून रुमाल शोधत होती. मग केक, मग नाच. व्याह्यांनी मलाही दोन गिरक्या घ्यायला लावल्या.

निघताना विमानतळावर वंदना म्हणाली, "आई, हे तेव्हाच म्हणाला असतात तर?"

"तेव्हा अक्कल नव्हती गं."

ती हसली. "पुढच्या वेळी तीन महिन्यांसाठी या."

आता कोल्हापुरात, धाकट्या मुलाकडे आहे. गुडघे दुखतात, पण गेले ते बरं केलं. घरच्यांचे आभार चारचौघांत मानायची त्यांची रीत मला आवडली. काल धाकट्या सुनेने चहा आणला. म्हटलं, "तू आहेस म्हणून माझं चाललंय बाई."

तिने कप खाली ठेवला आणि माझ्या कपाळाला हात लावून बघितला, ताप आहे का.