दाजी, ग्लायडर आणि कानातला आवाज

अक्काचा फोन आला तेव्हा मी टेंभुर्णीच्या चौकात उसाच्या दोन ट्रॉल्यांच्या मध्ये अडकलो होतो. "हे गेले रे," एवढंच ती म्हणाली. पुढे ट्रॉली, मागे ट्रॉली, गाडी सोडून पळावं तर जाणार कुठं... दुपारचा चहा घेता घेता छातीत कळ आली आणि सगळं संपलं, हे नंतर कळलं. सोलापूरला पोचेपर्यंत डोळ्यांसमोर एकच चित्र होतं, माळावर मान वर करून उभे असलेले दाजी.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सोलापुरात फोटोफ्रेमचं दुकान, पण जीव सगळा ग्लायडरमध्ये. हलक्या लाकडाचं, इंजिन नसलेलं छोटं विमान. दोरीनं ओढून वर सोडायचं, रिमोटनं वळवायचं आणि जमिनीवरून उठणारी गरम हवा गाठून जास्तीत जास्त वेळ तरंगत ठेवायचं. हिवाळ्यात दर रविवारी मंद्रूपजवळच्या माळावर आमच्या ग्लायडर मंडळाची स्पर्धा असे. ती वर चढणारी हवा डोळ्यांना दिसत नाही, ओळखावी लागते. दाजींनी तिथं मेंढरं चारणाऱ्या एका धनगराकडून लोकर मागून घेतली होती. तिचा धागा ते रिमोटला बांधत. धागा कुठं वळतो, घारी कुठं घिरट्या घालतात, मानेमागचा वारा कधी थांबतो, एवढ्यावर त्यांचं चाले. मी मागं उभा राहून वेळ मोजायचो आणि बोलणी खायचो. "पावणं, तोंड बंद ठिवा की जरा, वारं कळू द्या," असं ते म्हणत. बायकोच्या भावाचा मान म्हणून मला एवढंच मिळायचं.

मग मंडळात नवी माणसं आली, कानात इयरफोन घालून. त्यांच्या ग्लायडरच्या पोटात एक नखाएवढं यंत्र असे. ग्लायडर वर चढू लागलं की कानात टीप टीप वाजे, वेगानं चढलं की सूर आणखी बारीक होई आणि खाली येऊ लागलं की रडका सूर निघे. दाजी भडकले. बैठकीत म्हणाले, "यंत्रच सांगणार आसंल तर आपुन हितं कशाला यायचं? यंत्रालाच पाटवा की रविवारी." त्यांच्या शब्दाला वजन होतं. आमच्या स्पर्धेत असलं यंत्र चालणार नाही, असा नियम झाला आणि दाजींनी तो माळावर उभं राहून खड्या आवाजात सगळ्यांना ऐकवला. मीही टाळ्या वाजवल्या.

दोन-तीन हिवाळे गेले आणि दाजींना काचबिंदू झाला. नळीतून बघितल्यासारखं दिसतंय, असं ते सांगत. समोरचं माणूस दिसायचं, पण आकाशात फिरणारं ग्लायडर एकदा त्या नळीबाहेर गेलं की पुन्हा सापडत नसे. एका रविवारी त्यांनी ते बाभळीत घातलं. पावणं वगैरे विसरून त्यांनी मला विचारलं, "कुटं पडलं रे?" ती बाभळ आमच्यापासून हाकेच्या अंतरावर होती.

मग मी तेच यंत्र विकत आणून त्यांच्यासमोर ठेवलं. निम्मं काम कानानं झालं असतं, उरलेलं मी मागं उभा राहून सांगितलं असतं. मंडळानं आपण होऊन नियम काढायचं ठरवलं. विरोध करणारा एकच माणूस निघाला.

"माझ्यासाटी नियम मोडायचा न्हाय," दाजी म्हणाले.

"अहो दाजी, नियम तुमचाच. मग तुम्हीच काढा की."

"माझाच हाय म्हणून तर निघत न्हाय."

दाराला कडी आतून लावलेली, आम्ही बाहेरून किती ठोठावणार... त्यानंतर ते माळावर खुर्ची टाकून बसत, सगळे बघतील तिकडं बघत आणि "व्हय, चढलं की" म्हणत. त्यांना काही दिसत नाही हे सगळ्यांना माहीत होतं, तरी कुणी बोलत नसे. मला ते बघवायचं नाही. पुढं त्यांनी येणंच सोडलं. मला त्यांचा फार राग यायचा. ते गेले तरी तो पुरता गेलेला नाही.

गेल्या आठवड्यात अक्कानं ग्लायडर घेऊन जा म्हणून बोलावलं. दुकानामागच्या अरुंद खोलीत ते छताच्या हुकाला टांगलेलं होतं, पंख दोन्ही भिंतींना टेकायला आलेले. खाली काढताना त्याच्या पोटात मला मी आणलेलं यंत्र दिसलं.

"हे कधी बसवलं?" मी विचारलं.

"तू दिल्यावर लगीच. दुपारी दुकान बंद केलं की हितं कडी लावून बसायचे. कानात ते घालायचे, आन् ग्लायडर हातानंच वर न्यायचे, खाली आणायचे, परत वर. मी खिडकीतनं बघितलं. मला वाटलं, डोळ्यांसंगं डोकं बी गेलं का काय."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"नको म्हणाले. त्याला कळलं तर माळावर न्हेल मला... आन् मला न्हाय म्हणायला जमायचं न्हाय, म्हणाले."

बॅटरी संपली असेल म्हणून मी यंत्र तसंच ठेवू लागलो, तर ती म्हणाली, "भरलेली हाय. रोज चार्जिंगला लावायला सांगायचे. अजून लावते मी."

मी रिमोट गळ्यात अडकवला. लोकरीचा धागा तसाच बांधलेला होता. इयरफोन कानात घातला आणि ग्लायडर दोन्ही हातांनी वर उचलत गेलो. टीप... टीप... सूर बारीक होत चालला. धागा हलत नव्हता, त्या खोलीत वारा कुठला असणार. मी चवड्यांवर उभा राहिलो, हात ताणले. ग्लायडरचं शेपूट छताला लागलं आणि कानातला आवाज थांबला.