झेंडू नावाचं जहाज

बेळगावात बसून जहाजांचे किस्से साठतात असं सांगितलं, की माणसं आधी माझ्या तोंडाकडे बघतात. साहजिक आहे. आमच्याकडे समुद्र नाही, खाडी नाही. समुद्र बघायचा तर लोंढ्यावरून रेल्वेनं घाट उतरून गोव्यात जावं लागतं. तरी गेली दोन वर्षं दर रविवारी सकाळी आम्ही चौघं शहापुरातल्या एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत जहाजांवरून भांडतोय. ते किस्से लिहून ठेवले असते तर एव्हाना वही भरली असती. पण मला लिहायचा कंटाळा, म्हणून आपले येता-जाता सांगत असते.

काम तसं साधं. मराठीतल्या एका ऑनलाइन ज्ञानकोशात जहाजांवरचे ढीगभर लेख होते आणि सगळे 'जहाजे' या एकाच वर्गात कोंबलेले. युद्धनौका, तेलवाहू, बुडालेली, भंगारात गेलेली, सगळी एकाच पोत्यात! ती निवडून वेगवेगळ्या वर्गांत लावायची. मी शाळेत भूगोल शिकवते, मला तो पसारा बघवेना. पुढाकार घेतला आणि अडकले.

* * *

पहिला गडी सदा. वडगावचा, घरी पॉवरलूम. जन्मभर साड्यांचे गठ्ठे लावलेत, म्हणजे याला वर्गवारी जमणारच, असा माझा हिशेब. मालवाहू जहाजांचे लेख त्याच्याकडे दिले.

पुढच्या रविवारी बघते तर त्यानं एक नवाच वर्ग काढलेला: 'लाल काठाची जहाजे'. त्याचं म्हणणं, साडी आधी काठावरून लावायची, मग अंगाच्या रंगावरून. जहाजालाही खाली लाल काठ आहेच की. फोटो असलेली जवळजवळ सगळी जहाजं त्या एका वर्गात जाऊन बसली होती.

आमच्यातल्या आप्पांनी त्याला समजावलं, की तो पाण्याखालचा रंग असतो. शिंपले चिकटू नयेत म्हणून लावतात, आणि बहुतेक जहाजांना तोच असतो. सदानं एकेक फोटो पुन्हा उघडून बघितला.

"म्हंजे समद्यांनी एकच साडी नेसलीया," तो म्हणाला, आणि वर्ग काढून टाकला.

* * *

दुसरे भुजंगअण्णा. संकेश्वरचे, भूमापन खात्यातून रिटायर. उभ्या आयुष्यात शेतं मोजली. त्यांना जहाजांची माहिती भरायचा तक्ता दिला: नाव, लांबी, रुंदी, बांधणीचं ठिकाण. अण्णांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि विचारलं, चतुःसीमा कुठं लिहायच्या?

मी म्हटलं, अण्णा, जहाजाच्या पूर्वेला पाणी, पश्चिमेला पाणी, दक्षिणेला आणि उत्तरेलाही पाणीच.

"मग उद्या कुणी माझं म्हणाला तर शाबीत कशानं करायचं?" अण्णा म्हणाले.

हसण्यावारी नेलं आम्ही. पण घरी जाऊन मी खरंच शोधत बसले, की जहाज ओळखतात तरी कसं. तेव्हा कळलं, की मोठ्या जहाजाला बांधतानाच एक सात आकडी नंबर मिळतो. मालक बदलो, नाव बदलो, रंग बदलो, नंबर तोच. अंगावर कोरलेला असतो. माझी भूगोलात एवढी वर्षं गेली आणि हे मला अण्णांच्या चतुःसीमेमुळे कळलं!

* * *

मध्येच एकदा ज्ञानकोशाची देखरेख करणाऱ्या एका प्रचालकांचा निरोप आला. लांब कुठल्या तरी शहरातले, मोठे नम्र गृहस्थ. जहाजांच्या लेखांवर इतकं काम एकाच गावातून होतंय हे बघून त्यांना कुतूहल वाटलं होतं. आपल्या गावातून कुठकुठं बोटी जातात, असं त्यांनी विचारलं.

उत्तर सदानं लिहिलं: "बोटी न्हाईत. निपाणी, कोल्हापूर गाड्या हायत, दर अर्ध्या तासाला."

* * *

आता आप्पांचं सांगते. येळ्ळूरचे शेतकरी, पण ऐन उमेदीत जहाजावर इंजिनखोलीत तेल घालायच्या कामाला होते. आमच्यात समुद्रावर राहिलेला हा एवढा एकच माणूस. एका जहाजावर तर त्यांनी सात वर्षं काढली. त्याचं नाव 'गोल्डन मारिगोल्ड'. घरी त्यांनी सांगितलं होतं, मारिगोल्ड म्हणजे झेंडू.

तेवढंच चुकलं. त्यांची बायको पारूआक्का तेव्हा एकटीनं भाताची शेती, दोन म्हशी आणि सासू-सासरे सांभाळत होती. जहाजाचा फोटोसुद्धा तिनं कधी पाहिला नाही, होते ते पावसाळ्यात भिजून गेले. मग प्रत्येक भांडणात, लग्नाकार्यात चार पाहुण्यांसमोर, आक्काचं एकच: "झेंडूचं जहाज म्हणं. कुणी बघितलंय?"

आप्पा आमच्याकडे आले ते त्यासाठी. डोळे मिटायच्या आत ते जहाज बायकोला दाखवायचं, दुसरं काही मागणं नव्हतं. पहिल्याच दिवशी त्यांनी हे सरळ सांगितलं होतं, आणि त्या नावाचं जहाज आम्हाला कुठंच सापडत नव्हतं.

नंबराची भानगड कळल्यावर मी आप्पांना विचारलं, तो आठवतो का. आठवतो म्हणजे काय, दर सुट्टीच्या आधी तो पांढऱ्या रंगानं त्यांनीच रंगवलेला! घडाघडा म्हणून दाखवला. या माणसाला बायकोचा मोबाईल नंबर पाठ नाही, हे आक्काला कळू नये म्हणून आम्ही जपतो.

नंबर टाकला आणि जहाज सापडलं. चौथ्या नावानं, पण जिवंत. आप्पा उठले, बाहेर जाऊन तोंड धुऊन आले.

* * *

मग त्याचा लेख लिहायला घेतला. कोणत्या देशाच्या वर्गात टाकायचा यावर गाडी अडली.

आप्पा म्हणाले, "बांधलं जपानात, मालक ग्रीसचा, झेंडा पनामाचा, आत राबणारं आम्ही. मग जहाज कुणाचं, बाई?"

आमच्या सीमाभागात असला प्रश्न चहा यायच्या आत विचारायचा नसतो. जन्मभर हद्दी मोजलेल्या अण्णांनी उठून दार लोटून घेतलं. दीड तास वाद झाला. शेवटी 'जपानमध्ये बांधलेली जहाजे' या वर्गात टाकलं, कारण जन्म कुठं झाला हे काही नंतर कुणाला बदलता येत नाही. त्यावर मात्र चौघांचं एकमत झालं.

* * *

शेवटचा सांगते आणि उठते.

लेख होऊन महिना झाला असेल. आप्पांचं जहाज भंगारात विकलं गेल्याची बातमी मला दिसली. शेवटच्या फेरीवर निघालं होतं, सिंगापूरकडून श्रीलंकेला वळसा घालून गुजरातला, अलंगला. तिथं ते तोडणार. जहाजं आत्ता कुठं आहेत हे दाखवणारा एक नकाशा इंटरनेटवर असतो, त्यावर आम्ही त्याचा वेग धरून गणित मांडलं. रविवारी सकाळी ते गोव्यासमोरून जायला हवं होतं. लांबून, पण आप्पा म्हणाले, उंचावरून दिसंल.

शाळेची दुर्बीण मी त्यांना दिली. आक्का यायला तयार नव्हती, म्हशींचं कोण बघणार म्हणून. सदानं म्हशी अंगावर घेतल्या. शनिवारी दोघं वास्कोच्या गाडीत बसली. लग्नानंतर दोघांचा हा पहिलाच प्रवास.

रविवारी आम्ही तिघांनी नकाशा उघडला. जहाज कोलंबोजवळ थांबलं होतं. शुक्रवारपासूनच जागचं हललेलं नव्हतं, इंजिनात बिघाड असावा; तिकिटांच्या गडबडीत आम्ही नकाशा पुन्हा उघडलाच नव्हता. आप्पांना फोन लावतोय तर लागेना. तासाभरानं पुन्हा बघितलं, जहाज तिथंच. मला फार वाईट वाटलं, कारण गणित माझं होतं आणि त्या बाईला मी हट्टानं पाठवलं होतं. आता तर तिला आयुष्यभराचं हत्यारच मिळालं. सोमवारीसुद्धा जहाज हललं नाही.

सोमवारी संध्याकाळी दोघं स्टेशनवरून थेट माझ्या घरी आली. सदा आणि अण्णा आधीच येऊन बसले होते. आप्पांना कसं सांगायचं ते आमचं ठरलं होतं, म्हणजे मी सांगायचं. टेबलावर लॅपटॉप उघडाच होता, नकाशावर कोलंबोजवळ जहाजाचा ठिपका.

मी म्हटलं, "आप्पा, बसा. जहाजाचं जरा सांगायचंय."

आप्पा बसले. खाली वाकून चपलेचा बंद सोडत राहिले.

आक्कानं पिशवीतून दुर्बीण काढली, पदरानं पुसली आणि माझ्यासमोर ठेवली. लॅपटॉपकडे तिनं एकदा बघितलं.

"बघितलं मी झेंडूचं जहाज," ती म्हणाली. "ह्यांनी सांगितलं त्याच्यापेक्षा लई मोठं हाय."