विनीचं हसू आणि मागच्या बाकावरची बाई

इंग्लंडातल्या आमच्या टॉडमॉर्डन गावच्या मासे-चिप्सच्या दुकानात मासे तळणारी विनी सटक्लिफ म्हणजे नुसती शिडी. भली उंच आणि बारीक. पण तिचं खरं दुखणं म्हणजे हसू. नको तिथे नेमकं फुटायचं. आधी नाकातून शिट्टी, मग उचकी, मग गाढवासारखी लांब तान. लग्नात शपथ घेतानाही फुटलं, तेव्हा नवरा आर्थर घाबरून म्हणाला होता, "अगं, करायचंय ना लग्न?"

तिचे पर्सीकाका वारले. चर्चमध्ये मी तिच्या शेजारीच बसले होते. पाद्रीबाबा गंभीरपणे म्हणाले, "पर्सींच्या ट्रम्पेटनं अख्खी गल्ली मोहून जायची." ज्या ट्रम्पेटपायी लोकांनी खिडकीतून बूट फेकले, ते ट्रम्पेट! विनीनं रुमाल तोंडात कोंबला. मी म्हटलं, आता शिट्टी येणार.

शिट्टी आली, पण मागच्या बाकावरून! मग उचकी. मग तान.

विनीनं वळून पाहिलं. एक बुटकी, गोलमटोल बाई लालबुंद होऊन गदगदत्या खांद्यांनी हसत होती. झालं, विनीचाही बांध फुटला. दोघी एकमेकींना ऐकत अशा सुटल्या, की शवपेटी धरायला आलेले चौघेही भिंतीकडे तोंड करून थरथरू लागले. शेवटी आर्थरनं दोघींना दंडाला धरून बाहेर काढलं.

"तू कोण गं?" विनीनं डोळे पुसत विचारलं.

"कॉनी. हल शहरातून आले. पर्सी माझेही काका."

सख्खी चुलत बहीण! दोघींच्या बापांचं कबुतरांवरून बिनसलं होतं आणि घरं तुटली होती, त्यामुळे गाठ कधी पडलीच नव्हती.

चहा-सँडविचच्या वेळी मी म्हटलं, "बघा, एका शेंगेतले दोन मटार!" इथे सगळे असंच म्हणतात.

आर्थर उखडला. "कुठे सारख्या? एक शिडी, एक पिंप! ते जुळ्यांना म्हणतात, चेहरा सारखा असला तर."

"खोड सारखी असली तरी म्हणतात. डोळे मीट आणि ऐक."

त्यानं मिटले. तेवढ्यात पाद्रीबाबांनी पर्सीकाकांच्या 'मधुर स्वभावा'चा विषय काढला. शिट्टी, उचकी, तान, सगळं दोन्हीकडून एकदम आलं.

"देवा," आर्थर डोळे न उघडताच म्हणाला, "यातली माझी कुठली?"

कॉनी त्या दिवशी परत गेलीच नाही. आठवडाभर राहिली, दुकानात मासे तळायला उभी राहिली, आणि दोघींचं हसू ऐकत गिऱ्हाइकं चिप्स संपले तरी हलेनात.