रिकाम्या गाडीचा भार

९ जानेवारी, सकाळी पावणेसात. अंगणातली बाबांची गाडी रिकामी होती, तरी मागून खाली बसलेली दिसत होती. रोजच्या सवयीने बाबांनी मागचे चाक आणि मडगार्ड यांच्यामधल्या फटीत चार बोटे घालून पाहिली. आज तीनच आत गेली.

“बाबा, स्प्रिंगा बसल्या का?”

“बसू देत गं. तुझी माती प्रयोगशाळेत वेळेवर पोचली ना? मग झालं.”

मातीच्या नमुन्यांची पोती मी वर्षभर याच गाडीतून वाहिली. भाड्याचा टेम्पो मिळाला असता. पण त्या खर्चाच्या मंजुरीसाठी थांबायची माझी तयारी नव्हती, निष्कर्ष इतरांच्या आधी हवे होते. निवृत्तीनंतर आईला कोकण दाखवायचे म्हणून घेतलेली ही गाडी बाबांनी मला एकदाही नाकारली नाही. कोकणचा बेत तेवढा पुढे जात राहिला.

मर्यादेपलीकडे दाबलेली स्प्रिंग भार उतरल्यावरही पूर्ववत होत नाही, हे मी विद्यार्थ्यांना शिकवते. माणसांची ती मर्यादा शोधणे अवघड, कारण ती ‘बसू देत’ म्हणतात आणि आपण तेच खरे धरून चालतो.

बाबा आत गेल्यावर मी फटीला पट्टी लावली. गाडी नवी असताना फट आठ सेंटिमीटर होती. आज, एकही पोते नसताना, साडेपाच.